चमचा किती ग्रॅमचा?

स्वयंपाकघरातल्या मापांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतली सगळी वजनं सपाट भरलेल्या चमच्याची आहेत. वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : कृतीत ‘१ टीस्पून’, ‘१ टेबलस्पून’ असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे चहाचा, पोह्याचा, वाढायचा मोठा आणि मिसळणाच्या डब्यातला असे चार तऱ्हांचे चमचे आहेत. यातला टीस्पून कोणता आणि टेबलस्पून कोणता? (सांगली)

अंदाजाने यातला कोणताच धरू नका. टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर, म्हणजे बरोबर तीन टीस्पून. घरातले चमचे मात्र खायला आणि ढवळायला घडवलेले असतात. चहाच्या चमच्यात कधी ३ मिलिलिटर मावतं, कधी ५. पोह्याचा चमचा साधारण ७ ते १२ मिलिलिटरच्या मध्ये कुठेही असू शकतो. तो टेबलस्पून समजून वापरला, तर पदार्थात निम्मंच माप पडण्याची शक्यता असते. मिसळणाच्या डब्यातला चमचा बहुधा टीस्पूनपेक्षा लहान निघतो.

आपला चमचा केवढा आहे, हे एकदाच मोजून ठेवा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि त्या चमच्याने दहा चमचे पाणी वाटीत घाला. आलेल्या आकड्याला दहाने भागा. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम असतं, म्हणून ४२ ग्रॅम आले तर तुमचा चमचा ४.२ मिलिलिटरचा. दहा चमचे घ्यायचे, कारण एका चमच्याच्या वजनात काट्याची चूक मोठी ठरते, दहांत ती वाटली जाते. आणखी एक लक्षात ठेवा : उथळ चमच्यात पाणी कडेच्या वर फुगून उभं राहतं. ते जादाचं पाणी चमचा हलकेच हलवून सांडू द्या, नाहीतर माप मोठं येतं.

काटा नसेल तर औषधाच्या दुकानातून सुईशिवाय ५ मिलिलिटरची सिरिंज आणा आणि तिने चमच्यात पाणी सोडून बघा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणावरच्या खुणाही या कामाला चालतात. उलट मात्र कधीही करू नका. औषध घरच्या चमच्याने मोजायचं नाही, विशेषतः लहान मुलांचं.

मोजायच्या चमच्यांचा संच विकत घेतलात तरी त्याचीही हीच परीक्षा घ्या. स्वस्त संचांत १५ असं कोरलेला चमचा प्रत्यक्षात १३ मिलिलिटरचा असू शकतो. चमचा निवडताना खोलगट आणि सरळ काठाचा निवडा, म्हणजे सुरीच्या पाठीने जिन्नस सपाट करता येतो. उथळ चमच्यावर पिठाची शीग उभी राहिली की चमच्यात असतं जवळजवळ तेवढंच पीठ वर चढतं.

प्रश्न : नेहमीच्या जिनसांचा एक चमचा म्हणजे किती ग्रॅम, याची यादी मिळेल का? (नाशिक)

मिळेल. पहिला आकडा ५ मिलिलिटरच्या टीस्पूनचा, दुसरा १५ मिलिलिटरच्या टेबलस्पूनचा, दोन्ही ग्रॅममध्ये.

पाणी, दूध, दही : ५, १५
तेल आणि वितळलेलं तूप : साडेचार, साडेतेरा
लोणी (पाकिटातलं बटर) : पावणेपाच, १४
मध : ७, २१
साखर : ४, साडेबारा
पिठीसाखर : अडीच, ८
बारीक मीठ : ६, १८
मैदा, कणीक : अडीच, ८
बेसन (चाळलेलं) : २, ६
बारीक रवा : साडेतीन, साडेदहा
कॉर्नफ्लोअर : अडीच, ८
दूध पावडर : अडीच, ८
कोको : २, ६
बेकिंग पावडर : ४ ते साडेचार, १३
खायचा सोडा : ५ ला थोडा कमी, १४
इन्स्टंट यीस्ट : ३, ९
हळद : ३, ९
लाल तिखट : अडीच, ८
जिरे : २, ६
धने : पावणेदोन, ५
मेथीदाणे : साडेतीन, ११
तीळ : ३, ९

या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची हे जिनसावर ठरतं. पाणी, तेल, मध, साखर, मीठ यांचे आकडे जवळजवळ पक्के आहेत, कारण दाणा किंवा द्रव चमच्यात दर वेळी सारखाच बसतो. मैदा, बेसन, कोको, पिठीसाखर यांच्या आकड्यांत मात्र दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच. डबा आपटला की पीठ दबतं, चाळलं की फुगतं. पावसाळ्यात दमट झालेलं कोको किंवा दूध पावडर गोळे धरते, मग चमच्यात पोकळ्या राहतात आणि वजन कमी भरतं. मसाल्यांचं वजन दळण्यावर अवलंबून असतं. घरी कुटलेलं जाडसर धनेपूड आणि गिरणीतून आलेली बारीक पूड यांचा चमचा सारखा भरत नाही.

ही सगळी खटपट प्रत्येक पदार्थाला लागत नाही. फोडणीतली मोहरी, जिरे, आमटीतली हळद हाताच्या अंदाजानेच घाला, तिथे ग्रॅमचा काही उपयोग नाही. मीठ, सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट आणि पीठ एवढ्या पाच गोष्टींत मात्र वजनाने पदार्थ सुधारतो किंवा बिघडतो.

प्रश्न : काटा घेतला आहे, पण त्यावर २-३ ग्रॅम यीस्ट टाकलं तर आकडा शून्यच राहतो. काटा बिघडला आहे का? (ठाणे)

बहुधा नाही. स्वयंपाकघरातल्या पुष्कळ इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य सांभाळायची सोय असते. वारा, उष्णता यांमुळे आकडा हळूहळू सरकू लागला तर काटा स्वतःहूनच तो परत शून्यावर आणतो. तुम्ही यीस्ट चिमूटचिमूट भुरभुरवता, तेव्हा काट्याला तेही सरकणंच वाटतं आणि तो ते पुसून टाकतो. ही सोय शून्याच्या आसपासच काम करते. म्हणून आकडा शून्यावर आणूच नका. वाटी १५२ ग्रॅमची असेल तर १५२ तसेच राहू द्या आणि १५५ होईपर्यंत यीस्ट घाला. किंवा यीस्ट आधी कागदावर काढून एकदम वाटीत ओता.

तरीही एक अडचण उरते. एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा ३ म्हणतो, तेव्हा खरं वजन अडीच ते साडेतीनच्या मध्ये कुठेही असू शकतं. ५०० ग्रॅम मैद्यात अर्ध्या ग्रॅमने फरक पडत नाही, ३ ग्रॅम सोड्यात पडतो. त्यासाठी दोन उपाय आहेत. १२ ग्रॅम मोजून कागदावर त्याचे चार सारखे ढीग करा, एक ढीग ३ ग्रॅमचा. नाहीतर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. तो २०० किंवा ५०० ग्रॅमपर्यंतच तोलतो, म्हणून पिठासाठी मोठा काटा लागतोच. ज्यांना दुसरा काटा नको, त्यांनी १० ग्रॅमच्या आतल्या वस्तू नि:शंकपणे मोजायच्या चमच्याने घ्याव्यात. इतक्या थोड्या मापाला सपाट चमचा हा साध्या काट्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

काटा टणक आणि सपाट ओट्यावर ठेवा, खाली फडकं नको. सेल उतरत आले की आकडे नाचायला लागतात. काटा खरा आहे का, हे सिरिंजने २० मिलिलिटर पाणी घालून तपासता येतं.

प्रश्न : कृतीत १ कप मैदा असतो. मी कप भरून घेते, तरी केक दडदडीत होतो आणि वर भेगा पडतात. (छत्रपती संभाजीनगर)

मैदा जास्त पडतो आहे. कप डब्यात बुडवून भरला की कडेला पीठ दाबलं जातं आणि २४० मिलिलिटरच्या कपात १४० ते १५० ग्रॅम मैदा बसतो. तोच मैदा डब्यात फोर्कने हलवून, चमच्याने कपात हलकेच टाकून, वर सुरीने सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो. दोन कपांच्या केकमध्ये ४०-५० ग्रॅम जादा मैदा गेला की पीठ घट्ट होतं. कडा आधी शिजून घट्ट होतात, मधला भाग नंतर फुगतो आणि वरचं कवच फोडून बाहेर येतो, त्याच तुमच्या भेगा. अमेरिकी कृतीत ‘१ कप मैदा’ असं लिहिलं असेल आणि ग्रॅम दिले नसतील, तर १२५ ग्रॅम धरून चाला. पहिल्याच वेळी फरक कळेल.

‘चाळलेला १ कप मैदा’ आणि ‘१ कप मैदा, चाळून’ हेही एक नाही. पहिल्यात आधी चाळून मग मोजायचं, ते ११० ग्रॅमच्या आसपास भरतं. दुसऱ्यात मोजून मग चाळायचं.

राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप पुष्कळ घरांत केकला वापरला जातो. तो १८० मिलिलिटरचा असतो. सगळे जिनस त्याच कपाने घेतले तर पीठ, साखर, दूध यांचं आपसातलं प्रमाण जुळतं, पण अंडी मोठ्या कपाच्या हिशेबाने आणि सोडा टीस्पूनने पडतो, तिथे घोटाळा होतो.

प्रश्न : इथल्या पुस्तकांतून केलेला केक बरा होतो, पण मराठी कृती इथल्या चमच्यांनी केली की चुकते. (मेलबर्न)

ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, म्हणजे चार टीस्पून. भारत, ब्रिटन, अमेरिका इथे तो १५ मिलिलिटरचा धरतात. टीस्पून सगळीकडे ५ मिलिलिटरचाच. त्यामुळे मराठी कृतीतला टेबलस्पून तुम्ही तिथल्या टेबलस्पूनने मोजू नका, तीन टीस्पून घाला. ३ टेबलस्पून कोको म्हणजे इथे १८ ग्रॅम, तिथल्या चमच्याने २४. केक कोरडा आणि कडवट होण्याइतका हा फरक आहे. तिथला कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकेतला २४० च्या जवळचा. हा फरक किरकोळ आहे, त्याची काळजी नको.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक गोष्ट : तिथल्या कृतीत ‘एक स्टिक बटर’ असतं ते ११३ ग्रॅम, म्हणजे आठ टेबलस्पून.

प्रश्न : कैरीच्या लोणच्याला बारीक मिठाऐवजी खडेमीठ घातलं तर चमचे किती घ्यायचे? (सावंतवाडी)

चमच्यांनी घेऊच नका. टीस्पूनभर बारीक मीठ ६ ग्रॅम भरतं. खडेमिठाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात, त्यामुळे तोच चमचा खड्याच्या आकाराप्रमाणे ४ ते ५ ग्रॅम भरतो, खडे फार मोठे असले तर त्याहूनही कमी. वजनाने घेतलं तर दोन्ही मिठांचा खारटपणा सारखाच. कैरीच्या फोडी पुसून तोला आणि त्यांच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ घ्या, म्हणजे किलोभर फोडींना १५० ते २०० ग्रॅम. वर्षभर टिकवायचं असेल तर २० टक्क्यांच्या बाजूला राहा. मीठ कमी पडलं तर लोणच्याला बुरशी येते आणि फोडी मऊ पडतात. तेलाचा थर कितीही असला तरी कमी मिठाची भरपाई तो पुरती करू शकत नाही.

खडेमीठ दमट असेल तर कढईत मंद आचेवर कोरडं करून, गार झाल्यावर तोला. मिठात पाणी असलं तर तुम्ही पाणीच तोलत असता.

परदेशी कृतींत ‘कोशर सॉल्ट’ नावाचं जाडसर मीठ असतं, तिथे तर दोन कंपन्यांच्या मिठात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. डायमंड क्रिस्टलचा टीस्पून २.८ ग्रॅमचा, मॉर्टनचा ५ ग्रॅमच्या जवळपास. कोणतं मीठ हे दिलं नसेल तर आपलं बारीक मीठ निम्मंच घाला आणि चव पाहून वाढवा.

प्रश्न : खमण ढोकळ्यात कधी लाल ठिपके येतात, कधी साबणासारखी चव लागते. सोडा नेमका किती? (जळगाव)

दोन्हींचं कारण एकच आहे : आंबटाशी न जुळलेला सोडा. हळद अल्कलीत लाल होते. सोड्याचा कण न विरघळता पिठात राहिला की त्याच्याभोवतीची हळद लाल पडते, तोच तुमचा ठिपका. साबणासारखी चव उरलेल्या सोड्याची.

१ ग्रॅम सोड्याला पुरतं आंबट द्यायला सुमारे पाऊण ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. २०० ग्रॅम बेसनाला ४ ग्रॅम सोडा, म्हणजे पाऊण ते एक सपाट टीस्पूनच्या मधलं माप, पुरे होतो. त्याला ३ ग्रॅम लिंबूसत्त्व घाला. खमण किंचित आंबट आवडतो, म्हणून थोडं जास्त झालं तरी चालेल. लिंबूसत्त्व आधी पिठाच्या पाण्यात विरघळवा. सोडा चहाच्या गाळणीतून गाळून घ्या, म्हणजे गोळे राहणार नाहीत, आणि भांडं वाफेवर ठेवायच्या अगदी आधी घाला. एका बाजूने भराभर फिरवा आणि लगेच लावा. फसफसणं संपेपर्यंत थांबलात तर ढोकळा बसतो.

‘पाव चमचा सोडा’ घेताना पाव टीस्पूनचा वेगळा चमचाच वापरा, त्यात सव्वा ग्रॅमच्या जरा आत सोडा बसतो. पूर्ण चमच्यात नजरेने ‘पाव’ धरायला गेलं की माप हमखास चुकतं. कारण चमच्याचा तळ अरुंद असतो आणि वर तो पसरतो, त्यामुळे पाव माप दिसायला पावापेक्षा जास्त उंच असतं. दह्याच्या केकला १२० मिलिलिटर आंबट ताक किंवा पातळ दही आणि पाव टीस्पून सोडा अशी जोडी ठेवा. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घालायची तर ती तिपटीने लागते, कारण तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्चही असतं.

प्रश्न : पावाच्या कृतीत २० ग्रॅम ताजं यीस्ट लिहिलं आहे. माझ्याकडे डब्यातलं इन्स्टंट यीस्ट आहे, ते किती चमचे घालू? (मडगाव)

१० ग्रॅम ताज्या यीस्टच्या जागी ४ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय किंवा ३.३ ग्रॅम इन्स्टंट चालतं. म्हणून २० ग्रॅमला साडेसहा ग्रॅम इन्स्टंट, म्हणजे दोन सपाट टीस्पूनला चिमूटभर वर. ७ ग्रॅमची पुडी असेल तर ती पूर्ण घाला, ती सव्वादोन टीस्पूनची असते. साधारण ५०० ग्रॅम मैद्याला हे प्रमाण आहे. घरी पुष्कळजण चमचाभर म्हणून टेबलस्पून घालतात. ते ९ ग्रॅम होतं, पाव लवकर फुगतो, पण यीस्टचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो.

इन्स्टंट यीस्ट सरळ मैद्यात मिसळता येतं. ॲक्टिव्ह ड्राय मात्र आधी ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मीठ मैद्याच्या २ टक्के, ५०० ग्रॅमला १० ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे पावणेदोन टीस्पूनला थोडे कमी. मीठ विसरलं तर पीठ अनावर फुगून बसतं. दुप्पट पडलं तर तासन्‌तास हलत नाही. पोदेर, म्हणजे गोव्यातले पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेने (ताडीने) पीठ फुगवत, तिथे चमच्याचा हिशेब लागूच पडत नाही : सूर किती ताजी यावर सगळं असे.

प्रश्न : १०० ग्रॅम बटरऐवजी तेल वापरायचं तर किती? आणि बटरचा टेबलस्पून कसा मोजायचा? (पुणे)

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. म्हणून १०० ग्रॅमच्या जागी ८० ग्रॅम तेल किंवा तूप, म्हणजे सहा टेबलस्पून, आणि १ टेबलस्पून दूध. साखर आणि बटर फेटून हलकं करायचं असतं अशा केकमध्ये मात्र तेल चालणार नाही, त्यात हवा धरली जात नाही.

मोजायला चमचा नको, सुरी घ्या. १०० ग्रॅमच्या विटेचे सात सारखे तुकडे केले की एक तुकडा १४ ग्रॅमचा, म्हणजे एक टेबलस्पून. खारं बटर असेल तर कृतीतलं मीठ गाळा. तूप वजनाने घेतलं तर थिजलेलं की पातळ याने काही बिघडत नाही. चमच्याने घेताना आधी वितळवा, कारण रवाळ तुपाची शीग उभी राहते.

प्रश्न : जुन्या वहीत तोळे, छटाक आहेत आणि चकलीच्या भाजणीला चिपटं, मापटं. ग्रॅममध्ये कसं आणू? (सातारा)

पहिली दोन वजनं आहेत. तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक पाच तोळ्यांचा म्हणजे ५८ ग्रॅम, पावशेर वीस तोळ्यांचा म्हणजे २३३ ग्रॅम, शेर ८० तोळ्यांचा म्हणजे ९३३ ग्रॅम. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा धरतात, तो इथे लावू नका.

चिपटं आणि मापटं ही धान्य भरून घ्यायची मापं आहेत : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर (हा मापाचा, वरचा वजनाचा नव्हे), चार शेरांची पायली. ती भागाभागांत लहानमोठी असत, म्हणून त्यांचा ठाम ग्रॅम काढण्यापेक्षा प्रमाण जपा. चार चिपटी तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची डाळ असेल तर कोणत्याही एकाच वाटीने ४ : २ : १ घ्या. हेच प्रमाण काट्यावर घेतलं तरी तांदूळ आणि डाळींत फार फरक पडत नाही, कारण त्यांची वाटी जवळपास सारखी भरते. पोहे आणि धने मात्र काट्यावर कधी त्या प्रमाणात घालू नका. वाटीभर धन्यांचं वजन वाटीभर तांदळाच्या निम्म्याहून कमी असतं, पोहेही तसेच हलके. कृतीत तांदळाच्या निम्म्या मापाचे पोहे असतील आणि तुम्ही निम्म्या वजनाचे घातलेत, तर दुपटीने पोहे जातात आणि चकली तेलात विरघळते. अशा कृती आधी एकदा वाटीने करा, प्रत्येक वाटी तोला आणि आलेले ग्रॅम वहीत त्याच ओळीपुढे लिहा.